सिंदी, कंसात मेघे

आमच्या गावाचं नाव एकट्यानं चालत नाही. नुसतं ‘सिंदी’ सांगितलं की कुरिअरवाला विचारतो, ‘मेघे का रेल्वे?’ एक सिंदी वर्धा शहराला लागून, दुसरी नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, सेलू तालुक्यात. वर्ध्यापलीकडच्या सेगावची पत्रं तर शेगावला जायची. म्हणून गांधीजींनी 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम केलं. घरं तीच, विहिरी त्याच. बदलली ती नोंद.

युनिक्स या संगणक प्रणालीत फाइलचं नाव असंच नोंदीपुरतं असतं. ते फाइलच्या पोटात नसतं, फोल्डरच्या यादीत असतं. म्हणून 1971 च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेपासून हलवायला आणि नाव बदलायला एकच आज्ञा आहे: एमव्ही.

एकगठ्ठा नावं बदलायला मात्र ती कामाची नाही. डॉसमध्ये 1981 पासून ‘रेन *.टीएक्सटी *.बॅक’ चालायचं, कारण तिथं चांदणीचा अर्थ आज्ञाच लावायची. युनिक्समध्ये चांदणी शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, आधीच उलगडून टाकतो. सुरुवातीला या कामाला ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता, ‘ग्लोबल’वरून. एमव्हीच्या हाती पडते ती नुसती नावांची रांग. शेवटचं नाव फोल्डरचं असेल तर बाकीच्या फाइली ती त्यात टाकते, नसेल तर कुरकुरते. रांगेत दोनच फाइली असल्या तर कुरकुरतही नाही: पहिली दुसरीच्या जागी बसवते, दुसरी गायब. एकदा घाईत मी फोल्डरचं नाव द्यायला विसरलो आणि ‘एमव्ही *.जेपीजी’ एवढ्यावरच एंटर दाबलं. आत दोनच फोटो होते, दोन्ही भाचीच्या लग्नातले. हार घालतानाचा राहिला, सप्तपदीचा गेला.

शहाणी माणसं लूप लिहायची, एकेक नाव घेऊन. फाइलच्या नावात मोकळी जागा आली आणि अवतरणचिन्हं विसरली, की तोही फसायचा. मग लॅरी वॉलनं 1987 मध्ये पर्ल भाषा आणली आणि तिच्यात एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, रीनेम. कोणत्या अक्षरांच्या जागी कोणती हवीत, तो नमुना द्यायचा. शेकडो फोटो एका ओळीत. आजच्या आवृत्तीत ‘-एन’ जोडलं की ती काही न बदलता नुसती यादी दाखवते. मी आता ते जोडल्याशिवाय एंटर दाबत नाही.

गंमत पुढेच आहे. लिनक्सच्या यूटिल-लिनक्स संचातही रीनेम आहे, पण वेगळी: जुनी अक्षरं, नवी अक्षरं, मग फाइली. रेड हॅटच्या घराण्यात रीनेम म्हणजे ही. डेबियन, उबुंटूत पर्लवाली. पर्लवालीचा नमुना यूटिल-लिनक्सवालीला दिला तर ती काहीच करत नाही, बोलतही नाही. माझा एक अख्खा तास त्यात गेला.

शेवटी डेबियननं यूटिल-लिनक्सवालीच्या नावापुढे शेपूट जोडलं: रीनेम.यूएल. आमच्या कुरिअरवाल्याला हे लगेच कळलं असतं.