वैद्यकीय नोंदींची मोबाइल अ‍ॅप : सुरक्षादोष

तपासणी अहवाल, औषधचिठ्ठ्या, लसीकरण इत्यादी माहिती ठेवणाऱ्या अ‍ॅपमधून ती परक्याच्या हाती पडण्यास वाव देणारे दोष. हे दोष मोबाइलमध्ये, माहितीच्या वाटेवर किंवा सर्व्हरवर असतात. चर्चा मोबाइलची जास्त होते. मोठी गळती मात्र बहुधा सर्व्हरवरून होते.

सर्व्हरवरील नेहमीचा दोष साधा असतो. अहवालाच्या लिंकच्या शेवटी क्रमांक असतो. लॉगिन केलेल्या रुग्णाने 4511 च्या जागी 4512 टाकले आणि अहवाल कोणाचा हे सर्व्हरने तपासले नाही, तर दुसऱ्याची शुगर, थायरॉइड, एचआयव्ही सगळे उघडते. त्यासाठी हॅकर लागत नाही.

महाराष्ट्रातील प्रकरणे : डिसेंबर 2016 मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे हजारो अहवाल पासवर्डविना इंटरनेटवर उघडे आढळले, त्यांत एचआयव्ही चाचण्याही होत्या. अहवालांची संख्या कोणी 35 हजारांवर, तर कोणी 43 हजार सांगतात. ग्रीनबोन या जर्मन कंपनीच्या पाहणीत, 2020 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, एक्स-रे, सीटी स्कॅन इत्यादींच्या उघड्या सर्व्हरांत महाराष्ट्र देशात पहिला होता : सुमारे 3 लाख 8 हजार तपासण्या, जवळपास 6 कोटी 97 लाख प्रतिमा. या दोन्ही प्रकरणांत दोष अ‍ॅपचा नव्हता. पण अ‍ॅप अशाच साठ्यांतून माहिती घेते. देशपातळीवर, जून 2023 मध्ये मोबाइल क्रमांक टाकताच टेलिग्रामवरील एक बॉट कोविन या सरकारी कोविड लसीकरण प्रणालीतील तपशील देत होता. कोविनमध्ये थेट शिरकाव झाल्याचे केंद्र सरकारने नाकारले.

ग्रामीण वापर : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरी भागासारख्या ठिकाणी रेंज नसली, की नोंद आधी मोबाइलमध्येच साठते. ती एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर हरवलेला मोबाइल म्हणजे उघडी वहीच. राज्यातील अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्ये निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत केले. नोंदींचे असे काम घरच्या मोबाइलवर आले, की तो मुलांच्याही हाती असतो. सुरक्षेच्या लेखनात या बाजूकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

आयओएस (आयफोनची प्रणाली) : दोषांचे प्रकार हेच.

कायदा : माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 च्या नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत मोडतात. सायबर घटना 6 तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवण्याचे बंधन 2022 पासून आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये सुरक्षेतील कसुरीस 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आरोग्यविषयक माहितीचा वेगळा वर्ग मात्र त्यात नाही.