चंद्रकोरीच्या बिस्किटावरचा आरोप

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या वर्गातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीची मावशी व्हिएन्नाला इस्पितळात नर्स आहे. मावशीने भाचीला तिकडच्या नाताळच्या बिस्किटांची कृती पाठवली आणि दोघी मैत्रिणींनी ठरवून टाकले की या वर्षी ही बिस्किटे करायची, तीही आमच्या घरी. कारण ओव्हन आमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. साहित्य सोपे: मैदा, लोणी, बदामाची पूड, पिठीसाखर, व्हॅनिला. आकार चंद्रकोरीचा. नाव ‘व्हॅनिलेकिप्फर्ल’. ते उच्चारताना दोघींची हसून पुरेवाट होत होती.

मुलीने कौतुकाने मावशीकडून आलेला फोटो आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात एका वडीलधाऱ्यांनी फॉरवर्ड केलेला मजकूर आला. त्याचा सारांश असा: १६८३ साली व्हिएन्नात तुर्कांचा पराभव झाला. त्या आनंदात तिथल्या बेकरीवाल्यांनी इस्लामचा चांद कणकेत घडवला आणि लोकांनी तो दाताखाली चावला. म्हणून ही बिस्किटे खाणे म्हणजे मुसलमानाने स्वतःच्याच पराभवाची मिठाई खाणे. त्याखाली पाच-सहा जणांनी ‘जजाकल्लाह’ लिहून मोकळे झाले.

मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आली. “अब्बू, हे खरं आहे का? मग मी तिला काय सांगू?”

प्रश्न बिस्किटांचा असता तर मी ‘राहू दे’ म्हटले असते. पण तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीला नाही म्हणायचे होते, आणि तेही इतिहासाच्या नावाने. वर्गात मी रोज सांगतो की ऐकलेले आधी तपासा, मग पुढे सांगा. आता माझीच परीक्षा होती. म्हटले, “दोन दिवस दे. आधी तपासू.”

सुरुवात त्या वेढ्यापासून केली. वेढा खरा आहे. उस्मानी वजीर कारा मुस्तफा पाशाने १४ जुलै १६८३ रोजी व्हिएन्नाला वेढा घातला. तटाखाली सुरुंग खोदले गेले, हेही खरे. १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्की मोठी कुमक घेऊन आला आणि उस्मानी फौजेचा पराभव झाला. मात्र ही लढाई ‘इस्लाम विरुद्ध ख्रिस्ती’ इतकी सरळ नव्हती. सोबिएस्कीच्या फौजेत लिप्का तातार होते, आणि ते मुसलमान होते. उस्मानींच्या बाजूला हंगेरीचा प्रोटेस्टंट सरदार इम्रे थ्योक्योली होता, वलाखिया आणि मोल्दाविया या मांडलिक ख्रिस्ती राज्यांच्या तुकड्याही होत्या. महाराष्ट्राचा इतिहास ज्याने नीट वाचला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. आपल्याकडेही फौजा अशाच मिसळलेल्या असत.

आता बेकरीवाल्यांची गोष्ट. ती अशी सांगतात की पहाटे भट्टीपाशी जागे असलेल्या बेकरीवाल्यांना जमिनीखालून खोदण्याचा आवाज आला, त्यांनी पहारेकऱ्यांना सावध केले, शहर वाचले आणि त्या विजयाची खूण म्हणून चांदाच्या आकाराचा पाव जन्माला आला. गोष्ट रंगतदार आहे. अडचण एवढीच की हीच गोष्ट दुसऱ्या शहराच्या नावानेही सांगितली जाते. १९३८ साली निघालेल्या ‘लारूस गास्त्रोनोमिक’ या प्रसिद्ध फ्रेंच पाककोशात ती १६८६ च्या बुडापेस्टची म्हणून आली. व्हिएन्नाच्या नावाने तर ती सांगितली जातेच. एकच शौर्यकथा दोन वेढ्यांना चिकटली की समजावे, ती घटनेतून आलेली नाही. सांगणाऱ्यांनी तिला जागा शोधून दिली आहे.

त्याहून मोठी अडचण तारखेची. व्हिएन्नाचा कवी यान्स एनिकेल तेराव्या शतकात होऊन गेला. त्याने पद्यात लिहिलेल्या बखरीत बेकरीवाल्यांनी ड्यूक लिओपोल्डला नाताळची भेट म्हणून ‘किप्फेन’ दिल्याचा उल्लेख आहे. किप्फर्ल हे त्याच शब्दाचे लाडके रूप. म्हणजे नाव आणि नाताळ यांची सांगड तुर्क येण्याच्या सुमारे चारशे वर्षे आधीच पडलेली होती. जी गोष्ट लढाईच्या आधीपासून आहे ती लढाईच्या आनंदात जन्मली कशी?

तिसरा पुरावा तर कृतीतच आहे: व्हॅनिला. ही वेल मूळची मेक्सिकोची. तिथून बाहेर नेलेल्या वेलींना फुले येत, पण शेंगा धरत नसत. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. आजही मळ्यांतून त्याच रीतीने काम चालते. पुढे १८७४ मध्ये जर्मनीत विल्हेल्म हारमान आणि फर्डिनांड टीमान यांनी कृत्रिम व्हॅनिलिन तयार केले, आणि तो सुगंध सामान्य घरांच्या फडताळात आला.

साखरेचेही तसेच. १७४७ मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीटात साखर असल्याचे दाखवले. एकोणिसाव्या शतकात बीटसाखरेचे कारखाने पसरले, साखर स्वस्त झाली. त्याच काळात युरोपातल्या घरांमध्ये लोखंडी चुली आल्या, ज्यांना भाजण्याचा कप्पा जोडलेला असे. त्याआधी गोड भाजीव पदार्थ हे प्रामुख्याने मठांचे आणि कारागीर संघांचे काम होते. न्यूरेंबर्ग शहरात मसालेदार मधाची बिस्किटे करणाऱ्यांचा १६४३ पासून स्वतंत्र संघ होता. नाताळच्या आधी आई, आजी आणि पोरेबाळे मिळून घरच्या ओव्हनमध्ये डबेच्या डबे बिस्किटे भाजतात, हे चित्र आज युगानुयुगांचे वाटते. प्रत्यक्षात स्वस्त साखर आणि लोखंडी चूल आल्यावरच ते घरोघरी पोहोचले. व्हिएन्नाच्या मावशीची कृती आजच्या रूपात तेव्हाची आहे, तुर्कांच्या वेढ्याची नाही.

इथवर आल्यावर मी थांबू शकलो असतो. आरोप खोटा ठरला होता. पण माझा विषय भाषा. ‘साखर’ शब्दावर नजर पडली आणि मी तिथेच रेंगाळलो. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर. तिथून स्पॅनिश आसुकार, जर्मन त्सुकर, इंग्रजी शुगर. उसाच्या रसाची दाणेदार साखर करण्याची विद्या भारतातून इराणला गेली, अरबांनी ती भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली. दालचिनी, लवंग, आले, जायफळ हा नाताळच्या बिस्किटांचा सगळा वास हिंदी महासागरातून अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून निघे, अलेक्झांड्रियाला व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना विकला जाई आणि मग आल्प्स ओलांडून जर्मन शहरांत पोहोचे.

१२२६ साली बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने ‘किताब अल-तबीख’ हे पाककृतींचे पुस्तक लिहिले. ए. जे. आर्बेरी यांनी १९३९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्यात ‘खुश्कनानज’ नावाचा पदार्थ आहे. उर्दू वाचणाऱ्याला शब्द लगेच उलगडतो: खुश्क म्हणजे कोरडा, नान म्हणजे रोटी. पांढऱ्या पिठात तिळाचे तेल घालून घट्ट मळायचे, लांबट आकार द्यायचा, आत बदामाची पूड आणि साखर गुलाबपाण्यात कालवून भरायची, कडा दाबून भट्टीत भाजायचे. पीठ, स्निग्धांश, बदाम, साखर, सुगंध. तिळाच्या तेलाच्या जागी लोणी आणि गुलाबपाण्याच्या जागी व्हॅनिला ठेवा, मावशीची यादी तयार होते. एकाची दुसऱ्याने नक्कल केली असा माझा दावा नाही. पण हा मालमसाला आणि तो एकत्र करायची अक्कल एकाच रस्त्याने फिरत होती, आणि त्या रस्त्यावर बगदाद मोठा मुक्काम होता.

त्या मुलखात ही बिस्किटे आजही धर्म विचारत नाहीत. इराकमध्ये खजुराचे सारण भरलेला ‘क्लेचा’ मुसलमानांच्या घरी ईदला होतो आणि ख्रिस्ती घरांत नाताळला आणि ईस्टरला. इजिप्तमध्ये ‘कहक’ रमजान ईदला होतात. कॉप्टिक ख्रिस्ती तेच कहक ७ जानेवारीच्या आपल्या नाताळाला करतात. कैरोच्या गल्ल्यांतून बायका घरी कणिक मळून, नक्षी उमटवून, पत्रे डोक्यावर घेऊन मोहल्ल्याच्या भट्टीवर जात.

हे वाचले आणि मला माझी आई दिसली. आमच्या लहानपणी घरात ओव्हन कुठला? रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मैदा, तूप, साखर, वेलदोडे पिशवीत भरून आम्ही तिच्यामागून बेकरीवर जायचो. रांगेत नंबर लावायचा, किलोमागे मजुरी द्यायची, आणि आपली नानखटाई दुसऱ्याच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून डोळ्यात तेल घालून उभे राहायचे. दिवाळीच्या आधी त्याच रांगेत शेजारच्या काकू असायच्या, डिसेंबरमध्ये केकचे भांडे घेऊन ख्रिस्ती कुटुंबे. भट्टी एकच, रांग बदलायची. आणि नानखटाईत पुन्हा तोच फारसी नान! तिच्याबद्दल सुरतेत सांगतात की डच वखारीच्या लोकांची बेकरी फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांच्या हाती आली आणि तिथून ती घडत गेली. डच प्रोटेस्टंट, मालक पारशी, नाव फारसी, आणि आज ती ईदच्या ताटातही आहे, दिवाळीच्या फराळातही.

राहिला चांदाचा प्रश्न. चंद्रकोर हे इस्लामचे चिन्ह आहे असे कुरआनात कुठे नाही. आपण चांद बघतो तो महिना ठरवायला. झेंड्यावरची कोर जगभर ओळखीची झाली ती उस्मानी सत्तेमुळे. बायझँटियमच्या नाण्यांवर तर चंद्रकोर आणि तारा इस्लामच्या कितीतरी आधी होता. आणि महाराष्ट्रात राहून आपण हा प्रश्न विचारावा? इथे कपाळावर चंद्रकोर रेखतात, दिवाळीला करंजी करतात. करंजीचा आकार कोणत्या लढाईतून आला असे आजवर कुणी विचारलेले नाही.

दीनच्या बाजूचे मी थोडक्यात मुलीला सांगितले. कुरआनची पाचवी सूरह मायदा, म्हणजे ‘मांडलेले ताट’. तिच्यात किताब असलेल्यांचे अन्न आपल्याला आणि आपले त्यांना हलाल ठरवले आहे. एकोणिसावी सूरह हजरत मरियम यांच्या नावाची. हजरत ईसा यांच्या जन्माच्या वेळी त्या खजुराच्या झाडाखाली होत्या आणि ताजा खजूर त्यांना मिळाला, हे तिथेच आहे. ईसांविषयी आपली श्रद्धा आणि मैत्रिणीच्या घरची श्रद्धा वेगळी आहे, ती वेगळीच राहील. ते लपवायचे नाही. पण तिच्या सणाला तिच्यासोबत कणिक मळल्याने ना आपला ईमान पातळ होतो, ना तिचा. यापुढे कुणाला परहेज पाळायचे असेल तर जरूर पाळावे. फक्त त्यासाठी खोट्या इतिहासाचा आधार घेऊ नये. खोट्यावर उभे केलेले परहेज दीनचीही सेवा करत नाही.

रविवारी दोघी जमल्या. २८० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम थंड लोणी, १०० ग्रॅम बदामाची पूड, ८० ग्रॅम पिठीसाखर. अंडे नाही. गोळा तासभर फ्रिजमध्ये, मग बोटाएवढ्या वळ्या, टोके निमुळती, हलकेच वाकवून कोर. १७५ अंशांवर बारा-तेरा मिनिटे. पहिल्या खेपेला घाई झाली. गरम असतानाच उचलल्यावर सगळ्या कोरी मधोमध मोडल्या. माझी आई खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “नानखटाईसुद्धा पत्र्यावरच जरा निवू द्यावी लागते. भट्टीवाला हातच लावू द्यायचा नाही.” दुसरी खेप तिच्या देखरेखीखाली झाली आणि कोमट असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवली गेली.

ग्रुपवर मी हे सगळे थोडक्यात लिहिले. वडीलधाऱ्यांचे नाव घेतले नाही, त्यांचा हेतू वाईट नव्हता. आलेले त्यांनी पुढे पाठवले होते, जसे आपण सगळेच पाठवतो. माझ्या मजकुराखाली ‘जजाकल्लाह’ फक्त एक आला. दुरुस्तीला अफवेएवढे वाचक मिळत नाहीत, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

पण एक डबा मी त्यांच्या घरी पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. बिस्किटाबद्दल एक शब्द नाही. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाले, “डबा रिकामा झालाय. पोरीला सांग, घेऊन जा म्हणावं.”

आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. मुलगी घेऊन आली तेव्हा त्यात खजूर होते. तिने त्यातले निम्मे वेगळ्या डब्यात काढले आणि मैत्रिणीकडे निघाली.