गिरणींतील मुलें : दोन देशांचा हिशेब

धोक्याच्या कामावर राबणाऱ्या मुलांच्या प्रमाणाची इंग्लंड व भारत यांच्यामध्यें तुलना निघाली, कीं दारिद्र्य हें एकच कारण पुढें करून आपण मोकळे होतों. परंतु यंत्रयुगाच्या आरंभीं इंग्लंडचे मजूरहि दरिद्रीच होते. यास्तव आंकड्यांमागील कायद्यांचा इतिहास पाहिला पाहिजे.

जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीचें सम्राज्ञीपद जाहीर झालें. गिरणीचें नांव त्यावरूनच पडलें. त्या वेळीं कारखान्यांतील मुलांचें रक्षण करणारा एकहि कायदा हिंदुस्थानांत नव्हता.

इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानें, रेशमाच्या गिरण्या वगळून, कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव झाला. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस दिवसाचे नऊ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. देखरेखीस चार निरीक्षक नेमले. आणि मुलांस रोज दोन तास शिक्षण आवश्यक झालें. चालतें यंत्र मुलांकडून साफ करवूं नये, असें १८४४ सालीं ठरलें.

हिंदुस्थानचा पहिला कायदा १८८१ चा. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक मजुरांच्या कारखान्यांसच तो लागू होता. वयाची मर्यादा सात वर्षें. सात ते बारा वर्षांच्या मुलांस तास नऊच. अठ्ठेचाळीस वर्षें उलटल्यावरहि तास तेवढेच, वय दोन वर्षांनीं कमी, आणि शाळेचें नांव नाहीं! १८९१ सालीं मर्यादा नऊ वर्षांवर गेली व तास सात झाले.

या कायद्यांमागें लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर आहे, असें आपल्या राष्ट्रीय पत्रांचें म्हणणें होतें, व तें निराधार नव्हतें. तथापि १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या मागण्या मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांस त्या वादाहून मजुराचें दुःख जवळचें वाटलें. हेतु मँचेस्टरचा असेल. थकवा मात्र आपल्याच मुलाचा होता.

खरा फरक शाळेचा आहे. इंग्लंडांत १८८० सालीं दहा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें झालें. लँकेशायरचीं अर्धवेळ राबणारीं मुलें मात्र १९१८ च्या कायद्यानेंच सुटण्याच्या मार्गास लागलीं. म्हणजे त्या देशानेंहि फार घाई केली असें नव्हे. इकडे गोखल्यांनीं १९११ सालीं मांडलेलें सक्तीच्या शिक्षणाचें बिल पुढच्या वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजीं अमलांत आला. मधल्या काळांत गिरणीनें परत पाठविलेल्या मुलास शाळेची सक्ती नव्हती आणि विडीच्या कारखान्याची मनाई नव्हती. विड्या वळण्यास यंत्र लागत नाहीं. म्हणून कारखान्यांचा कायदा तिकडे वळलाच नाहीं. विडीच्या कारखान्यांस हात घालणारा मध्यप्रांतांतील कायदा १९३७ चा.

आज चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवणें व अठरांखालील मुलांस धोक्याच्या कामास लावणें, दोन्ही २०१६ च्या दुरुस्तीनें गुन्हा आहे; मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यास हातभार लावण्याची सवलत तींत आहे. विडी घरोघर वळली जाते, हें विदर्भांत कोणास सांगावयास नको. म्हणून गुन्ह्यांची नोंद जितकी पाहावी, तितकीच शाळेची हजेरीहि पाहावी. मुलाचा दिवस कोठें जातो, हें तीच सांगते.