यंत्र आलं, पण सह्या झाल्यावर

स्मरणिका समितीने मला विषय दिला होता ‘संगणक क्रांती आणि आपली बॅच’. विषय योग्यच आहे. आपण १९९५ साली दहावी झालो, बहुतेकांनी संगणक पहिल्यांदा शाळेतच पाहिला आणि आज आपल्यातले निदान दहा-बारा जण याच धंद्यात आहेत. पण ‘क्रांती’ हा शब्द मी गेली चोवीस वर्षं कंपन्यांच्या सादरीकरणांत इतक्यांदा ऐकलाय की तो लिहायला हात धजत नाही. म्हणून समितीला न विचारता विषय थोडा वळवला आहे. हा लेख संगणकाला विरोध करणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यांत आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील होते.

वर्गाची हजेरी आठवून बघा. कुणाचे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये, कुणाचे ओझरला एच.ए.एल.मध्ये, कुणाचे सातपूरला मायकोत, कुणाची आई एलआयसीत. माझे वडील एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते. या सगळ्या घरांत एक शब्द सारखा होता : करार. करार झाला की फरकाची रक्कम यायची, मग फ्रीज यायचा किंवा बहिणीच्या लग्नाची तारीख ठरायची. करार कोण करतं, कुणाशी करतं, हे आपल्याला माहीत नव्हतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कामगार संघटनेवर काहीतरी होतं, ते आपण दोन गुणांसाठी पाठ केलं आणि विसरलो.

बँकेचं काम तेव्हा कसं चालायचं ते आपल्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. पैसे काढायला गेलं की पितळी टोकन मिळायचं. आत तुमचं व्हाउचर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं, जाडजूड लेजरमध्ये हाताने नोंद व्हायची, अधिकारी सही तपासायचा, मग खिडकीत टोकनाचा नंबर पुकारला जायचा. संध्याकाळी सगळी बेरीज जुळली पाहिजे. चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत माणसं बसून. जून आणि डिसेंबरअखेर सहामाही क्लोजिंग असायचं, तेव्हा वडील रात्री उशिरा यायचे आणि बोटांना शाई असायची. हजारो खात्यांचं व्याज हातानं काढायचं म्हणजे काय, हे मी पुढे स्वतः व्याजाचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा कळलं. माझा प्रोग्रॅम ते काम काही सेकंदांत करायचा. त्यामुळे संगणक यायला हवा होता की नको, हा माझ्यासाठी प्रश्नच नाही. यायलाच हवा होता. प्रश्न तो कसा आला याचा आहे.

विरोध बँकांच्या आधी विम्यात सुरू झाला. १९६०च्या दशकात एलआयसीने संगणक आणायचं ठरवलं तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस नावाच्या इमारतीबाहेर रात्रंदिवस पहारा ठेवला, यंत्र चालू होऊ नये म्हणून. हा वाद इतका वाढला की केंद्र सरकारने यंत्रं आणि रोजगार यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे प्रा. वि. म. दांडेकर. ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावरच्या नीलकंठ रथांसोबतच्या कामामुळे दांडेकरांचं नाव आपल्याला माहीत असतं. या समितीचा अहवाल १९७२ साली आला, ते मात्र सहसा कुणाला आठवत नाही. मला स्वतःला हे दोन-तीन वर्षांपूर्वीच कळलं. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आम्हाला ट्रान्झिस्टरपासून कंपायलरपर्यंत सगळा इतिहास शिकवला, पण या यंत्राने कामावरच्या माणसाचं काय होणार, असा प्रश्न आपल्याच राज्यातल्या एका प्राध्यापकाने सरकारदरबारी हाताळला होता, हे कुणी सांगितलं नाही.

आता १९८३. हे वर्ष नीट बघण्यासारखं आहे. आदल्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. आपल्या वर्गातली दोन कुटुंबं त्या संपानंतरच नाशिकला आली, हे त्या दोघांना आठवत असेल. अशा काळात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांपुढे दोन वाटा होत्या. यंत्र नकोच म्हणून अडून बसायचं, किंवा यंत्र कोणत्या अटींवर येईल ते टेबलावर बसून ठरवायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. ८ सप्टेंबर १९८३ला बँकांची संघटना असलेली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रं कुठल्या कामांसाठी आणायची, किती आणायची, ती चालवायला आधीच नोकरीत असलेल्या माणसांतूनच निवड करायची, त्यांना वेगळा भत्ता द्यायचा, आणि यंत्र आलं म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही, हे सगळं कागदावर आलं. पुढे १९८७ आणि १९९३ साली याच विषयावर आणखी करार झाले आणि प्रत्येक वेळी दार थोडं जास्त उघडलं.

रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांची समिती नेमली होती. तिच्या १९८४च्या अहवालानंतर शाखांमध्ये जी यंत्रं आली त्यांचं नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. वडील आणि त्यांचे सहकारी त्याला ‘एलपीएम’ म्हणायचे. खरं तर तो संगणकच होता, फक्त त्याला संगणक म्हणायचं टाळलं होतं! त्या वेळी या शब्दावरच लोकांचा राग होता. डाव्या संघटना विरोधात होत्याच, पण भारतीय मजदूर संघानेही १९८४ हे वर्ष संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळलं होतं.

हे सगळं गोड होतं असं मला म्हणायचं नाही. खिडकीबाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाने या करारांची किंमत मोजली. यंत्रं मोजून यायची, म्हणून एका खिडकीवर छापील उतारा आणि शेजारच्या खिडकीवर ‘साहेब जेवायला गेलेत’ अशी अवस्था पुष्कळ वर्षं होती. आपल्या गणिताच्या सरांनी पेन्शनच्या खात्यावरून बँकवाल्यांना वर्गात जे जे म्हटलं होतं ते मला तोंडपाठ आहे, कारण ते म्हणताना सर माझ्याकडे बघत होते.

आपल्या शाळेत दोन संगणक आले ते याच सुमारास, आपण आठवीत असताना. आठवतंय? चपला बाहेर काढायच्या, पडदे लावलेले, शाळेतला एकुलता एक एसी त्या खोलीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. एका तासाला एका यंत्रावर आठ जणी, त्यामुळे माझ्या वाट्याला स्पेसबार यायचा.

आमच्या धंद्याची सुरुवात मात्र बँकांपेक्षा अगदी निराळी झाली. टीसीएस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. आयबीएम १९७८ साली भारतातून गेली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात स्थापन झाली आणि मग बंगळूरला गेली. १९८४चं संगणक धोरण, १९९१ची सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना, करसवलती, उपग्रहाचे दुवे, या सगळ्यातून हा उद्योग उभा राहिला. इथे जुना कामगारच नव्हता, मग यंत्र कुणाच्या जागी येणार? आम्हीच यंत्राबरोबर आलो. त्यामुळे अटी ठरवायला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारं कुणी नव्हतं आणि तशी गरज कुणाला वाटलीही नाही. पगार वडिलांच्या दुप्पट, काचेची इमारत, साहेबांना नावाने हाक मारायची. युनियन म्हणजे घोषणा देणारी जुनी माणसं, असं आम्ही कॅन्टीनमध्ये हसून म्हणायचो.

दोन वाटा आमच्या घरात एकाच वर्षी एकमेकींना भेटल्या. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना १ जानेवारी २००१पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणायला सांगितलं होतं. (हेच विठ्ठल त्याआधी इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव असताना सॉफ्टवेअर पार्कची योजना आली.) त्याच सुमारास सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना काढली आणि देशभरातून सुमारे लाखभर कर्मचारी बाहेर पडले. वडील त्यांत होते. त्यांना निर्णयासाठी वेळ मिळाला, किती वर्षांच्या सेवेला किती रक्कम याचं कोष्टक मिळालं, पेन्शन मिळाली. निरोप समारंभाला शाखेतल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे होते. आणि त्याच वर्षी मी अभियंता होऊन नोकरीला लागले. माझं पहिलं काम बँकेच्याच सॉफ्टवेअरवर होतं.

माझ्या बाबतीत हे २०२३ साली झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. आपल्यातल्या आयटीवाल्यांना प्रत्येकाला आपलीच कंपनी वाटेल. गुरुवारी दुपारी पंधरा मिनिटांची व्हिडिओ बैठक लागली. समोर मी ज्यांना कधी भेटले नव्हते अशा दोन व्यक्ती. ‘तुमची भूमिका आता उरलेली नाही’ असं सांगितलं गेलं आणि राजीनामा मी स्वतः लिहावा असं सुचवलं गेलं. नाही लिहिला तर पत्रात ‘सेवा समाप्त’ असं येईल आणि पुढची कंपनी चौकशी करते तेव्हा ते दिसतं. संध्याकाळी सहाला मेल बंद झाला. अकरा वर्षांत लिहिलेल्या कामातली एक ओळही मला परत बघता आली नाही.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “नोटीस कुणाला दिली होती त्यांनी?” मी म्हटलं, मलाच. “तुला नाही गं. युनियनला.” मग आम्ही दोघंही गप्प बसलो.

त्यानंतर मी कायदा वाचला, जो मी विशीत वाचायला हवा होता असं आता सगळे वकील मित्र सांगतात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत कारकुनी कामाबरोबर तांत्रिक कामही आहे. ज्याचं मुख्य काम व्यवस्थापनाचं आहे तो त्यातून वगळला जातो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, असं त्यात होतं. आता दोन गोष्टी जोडून बघा. माझ्या हाताखाली एकही माणूस नसताना माझ्या हुद्द्यात ‘मॅनेजर’ हा शब्द होता. आणि मला कुणी कमी केलं नव्हतं, मी राजीनामा दिला होता. ज्याने राजीनामा दिला त्याची कपात झालेली नसते. हुद्दा आणि राजीनामा, एवढ्या दोन कागदांवर तो सगळा कायदा आमच्या शेजारून निघून जातो. जुना कायदा जाऊन आता नवी कामगार संहिता आली आहे. मेलवरून आलेल्या राजीनाम्यापुढे ती तरी काय करते ते दिसेलच.

माझी तक्रार पैशाची नाही, नाशिकला घरून काम करणारी एक छोटी कंपनी मला मिळाली आणि मी बरी आहे. मला त्रास होतो तो कामाचं जे झालंय त्याचा. व्यवस्थित चालणारी प्रणाली दर तीन वर्षांनी मोडून नव्याने लिहायची, कारण नवं लिहिणाऱ्याला बढती मिळते. दिवसाला किती कामं ‘बंद’ केली ते मोजायचं, केलेलं काम टिकलं का ते मोजायचं नाही. वडिलांच्या शाखेत चार आणे जुळले नाहीत तर कुणी घरी जायचं नाही. आमच्याकडे चुका ठाऊक असताना सॉफ्टवेअर बाहेर जातं, आणि रात्री अडीचला फोन आला की दुरुस्ती करायची. आता कोड लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. मी ती रोज वापरते, कंटाळवाणं काम ती सुरेख करतात. २०२५च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं; त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतली जास्त असतील असंही सांगितलं. मधली फळी म्हणजे आपल्या वयाची माणसं. यंत्र कोण चालवणार, ते शिकवणार कोण, वाचलेला वेळ कुणाचा, हे १९८३चेच प्रश्न आहेत. तेव्हा त्यांची उत्तरं दोन्ही बाजूंच्या सह्यांनी लिहिली गेली. आज ती एकाच बाजूकडून मेलने येतात.

पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना गेली काही वर्षं कामगार खात्याकडे तक्रारी नेते आहे, चेन्नईत २०१४ साली फाइट ही संघटना सुरू झाली. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तिथे नाव नोंदवायची भीती वाटते, कारण नाव दिसलं तर पुढची नोकरी अडेल. १९४६ साली बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि पहिला देशव्यापी द्विपक्षीय करार झाला ऑक्टोबर १९६६ला. मधे वीस वर्षं गेली. आमची तेवढी अजून झालेली नाहीत.

वडिलांच्या कपाटात १९९३च्या कराराची पुस्तिका आहे, इंग्रजीत, स्टेपल गंजलेली, काही कलमांखाली त्यांनी पेन्सिलने रेघा मारलेल्या. मेळाव्याच्या दिवशी ती मी घेऊन येणार आहे. प्रेस, एच.ए.एल., मायको, एलआयसी, एसटी, कुणाच्याही घरी असे जुने करार, पगारपत्रकं किंवा संघटनेची पत्रकं असतील तर कृपया आणा. इतिहासाच्या बाई म्हणाल्या आहेत की शाळेच्या वाचनालयात त्यांच्यासाठी एक कपाट करून देतील. मूळ कागद द्यायचे नसतील तर तिथेच फोटो काढू, स्कॅनर माझ्याकडे आहे.