जिनातला हात आणि कायद्याची यादी

मंडळी, दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच यवतमाळ जिल्ह्यातला कापूस बाजाराची वाट धरतो. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे, आता ट्रॅक्टर लागतात; एवढाच फरक. वणी, दारव्हा, पुसद, दिग्रस, पांढरकवडा, कुठेही जा, गावाच्या कडेला एखादे जिन दिसायचेच. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत छोट्या रुळांची गाडी आली, ती मुख्यतः याच कापसासाठी. कापसाने इथे पैसा आणला, पेठा वसवल्या. पण त्याच कापसाने किती हात घेतले, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? आज त्या हिशेबाचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी जिन म्हणजे काय ते बघू. घरचा रेचा होता तेव्हा बाई बसून दोन रुळांतून कापूस सोडी; रुई पुढे, सरकी मागे. वाफेचे इंजिन आले आणि तेच काम यंत्राकडे गेले. चामड्याचा रूळ गरगर फिरतो, जवळच पोलादी सुरी असते, आणि बाया हाताने कापूस पुढे सारतात. अशी पाच-पन्नास यंत्रे एका रांगेत, आणि त्या सगळ्यांना फिरवणारा एक लांबच लांब दांडा. त्या दांड्यावरून पट्टे जातात. लुगड्याचा पदर, सुटलेला केस, थकलेला हात, पट्टा काही ओळखत नाही. पुढे दाबखान्यात रुईच्या गासड्या बांधतात, तिथेही तेच. कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल त्या भागात बाया-पोरांना कामाला लावू नये, असे कलम १९४८ च्या कारखाना कायद्यात मुद्दाम घालावे लागले. असे कलम उगाच कोणी घालत नाही.

बरे, हात गेला, पुढे काय? एकोणिसाव्या शतकात याचे उत्तर सोपे होते. काही नाही. १८५५ साली प्राणांतिक अपघातांबद्दल एक कायदा झाला होता खरा. पण त्याखाली वारसांनी दिवाणी दावा लावायचा आणि मालकाची चूक शाबीत करायची. मजूर जिवंत राहिला तर त्यालाही दाव्यावाचून वाट नव्हती. आता तुम्हीच सांगा, हंगामापुरती गाव सोडून आलेली बाई, तिला वकील कुठला नि साक्षीदार कुठला? शेजारी काम करणारी साक्ष देईल, तर उद्या तिचेच काम जाईल. तेव्हा मालकाने मनात आणले तर चार रुपये हातावर ठेवायचे, नाही तर "तुझीच चूक" म्हणून वाटेला लावायचे.

मराठी मुलखात या अन्यायाला पहिल्यांदा ठणकावून जाब विचारला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी 'दीनबंधु' पत्र चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या पुष्कळांना ठाऊक आहेत. पण त्यातच आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पुरा पगार मिळावा, आणि कायमचा पंगू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा झाला तोही १८८४ सालीच. म्हणजे जगाच्या मागे आपला कामगार नव्हता; मागे होते ते सरकार.

आता इथे एक गंमत, गंमत कसली दुःखाचीच बाब, लक्षात घ्या. कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. त्यात कारखाना कशाला म्हणायचे? यंत्रशक्ती हवी, माणसे शंभर हवीत, आणि काम वर्षातून निदान चार महिने चालायला हवे. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले. पण चार महिन्यांची अट तशीच राहिली. ज्या जिनाचा हंगाम आखूड, ते कायद्याच्या दाराबाहेर. ही अट १९११ साली निघाली. १९२२ साली पन्नासाचे वीस झाले. वऱ्हाडाची तर गोष्टच न्यारी. मुलूख निजामाचा, कारभार १८५३ पासून इंग्रजांचा. त्यामुळे ब्रिटिश हद्दीतले कायदे इकडे वेगळ्या हुकुमाने लावावे लागत. अशी एक-एक पायरी उतरत कायदा जिनाच्या फाटकापाशी आला.

तेवढ्यात काळ पालटला. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना उभी राहिली, १९२० साली देशात ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, आणि नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडू लागले. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्यातली मोठी गोष्ट ही की, आता मालकाची चूक शाबीत करण्याचे कारण उरले नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे. मालक भला असो की बुरा, भरपाई त्याने द्यायची.

भरपाई किती, याचे एक कोष्टक कायद्याला जोडले होते. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार, पण अडीच हजार रुपयांच्या वर नाही. कायमचा पूर्ण पंगू झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार, साडेतीन हजारांच्या वर नाही. बाकीच्या इजांना शेकडेवारी. उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, दुसरे कोणतेही बोट ५. म्हणजे तर्जनी गेलेल्या मजुराला बेचाळीस महिन्यांचा दहावा हिस्सा, चार महिन्यांहून थोडा अधिक पगार. पुढे उजव्या-डाव्याचा भेद गेला, अंगठ्याचे ३० झाले आणि तर्जनीचे १४. आरंभी पहिले दहा दिवस कोरडे जात; १९३३ साली त्याचे सात झाले, १९५९ साली तीन. प्रत्येक दिवसासाठी कुणीतरी भांडले आहे, हे विसरू नये.

पण मंडळी, घोडे पेंड खाते ते पुढेच. कोष्टकात बोटाची किंमत लिहिली होती. पण कुणाचे बोट, हे दुसऱ्या एका परिशिष्टात लिहिले होते. ती म्हणजे कामगार कोणाला म्हणावे याची यादी. रेल्वे, खाणी, कारखाने, गोदी, बांधकाम, अशी एकेक ओळ. वणीकडचा कोळशाच्या खाणीतला मजूर यादीत होता, वीसांहून अधिक माणसांच्या जिनातली बाई यादीत होती. यादीत नाव नसलेल्या धंद्यातल्या माणसाचे बोट मात्र कायद्याच्या लेखी फुकट.

याचा सगळ्यात जास्त जाच झाला तो छोट्या कारखान्यांना. उदाहरण घ्या. तालुक्याच्या पेठेत रबरी शिक्के करणारे एखादे दुकान असते. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा यांचे शिक्के तिथेच होतात. खिळे जुळवायचे, त्यांचा साचा घ्यायचा, साच्यावर कच्चे रबर ठेवून तापल्या दाबयंत्रात दाबायचे, मग कात्रीने कापून लाकडी मुठीवर चिकटवायचे. शेजारी व्हिनाइलच्या पिशव्या नि फायलींची आवरणे करणारा. त्याच्याकडे पत्रे कापायचा ठप्पा आणि शिवणयंत्र. माणसे तीन किंवा चार. भाजणे, बोट चिरडणे, कापणे, हे धोके मोठ्या कारखान्यातलेच. पण वीज वा यंत्रशक्ती न वापरता वस्तू करणाऱ्या जागेसाठी यादीतली ओळ म्हणे, माणसे वीस किंवा अधिक हवीत. विजेची मोटर असेल तर पुढे संख्येची अट उरली नव्हती. म्हणजे बघा, त्याच शिक्केवाल्याने हातदाबाऐवजी विजेचा दाब बसवला की गडी कायद्यात. हातदाब ठेवला की गडी बाहेर. बोट एकच, चिरडणेही एकच.

ही वीस माणसांची अट २००९ च्या दुरुस्तीने निघाली. कारकुनी काम करणाऱ्यांना वगळणारे शब्दही गेले, 'कामगार' शब्दाच्या जागी 'कर्मचारी' शब्द आला, आणि १८ जानेवारी २०१० पासून हे अमलात आले. तीन माणसांच्या दुकानातला गडी यादीत यायला शहाऐंशी वर्षे लागली! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा सगळा कायदा सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. यादी, इजांचे कोष्टक आणि वयाप्रमाणे गुणक, तिन्ही तिच्या परिशिष्टांत आहेत.

आता रकमेचा अंदाज घेऊ. समजा, शिक्क्यांच्या दुकानातला गडी तीस वर्षांचा, पगार महिना १०,००० रुपये, आणि त्याची तर्जनी समूळ गेली. पगाराचे साठ टक्के ६,०००. तीस वर्षांचा गुणक २०७.९८, गुणाकार १२,४७,८८०, त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे १,७४,७०० रुपये. दुकानदार म्हणेल, मी एवढे आणू कुठून? प्रश्न खरा आहे. म्हणूनच त्याने गड्यांचा विमा आधी उतरावा. एका अपघातात गडी आणि दुकान दोन्ही बुडू नयेत, यासाठीच विमा असतो.

आणि शेतीचे काय? नुसत्या हातांनी शेतात राबणारा मजूर पहिल्या यादीत नव्हता. पुढे ट्रॅक्टर व यंत्राने होणारी शेती आली, मळणीयंत्र आले, आणि शेतात कीटकनाशक फवारणारा मजूरही यादीत आला. ही ओळ आपल्या जिल्ह्याने तरी पाठ करावी. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. स्वतःच्या शेतात फवारणारा मालक या कायद्यात येत नाही. पण रोजाने पंप पाठीवर घेणारा मजूर येतो. किती घरांना हे ठाऊक होते?

जिनातल्या बायांसाठीही ही यादी फार मोलाची. राज्य विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्यात कापसाचे जिनिंग-प्रेसिंग स्पष्ट नावाने होते. त्यामुळे जिनातल्या बाईला आधार राहिला तो याच भरपाईच्या कायद्याचा. ठेकेदारामार्फत काम केले म्हणून मालक सुटत नाही, हेही त्यात पहिल्यापासून आहे. हक्क सोडल्याचा कागद मालकाने लिहून घेतला तरी तो रद्दच ठरतो. आणि मृत्यूची भरपाई परस्पर हातावर न ठेवता अधिकाऱ्याकडे भरायची असते.

तेव्हा अपघात झाला तर प्रथम दवाखाना, आणि लगेच मालकाला लेखी खबर. दाव्याला जुन्या कायद्याने दोन वर्षांची मुदत ठेवली होती, म्हणून घोंगडे भिजत ठेवू नये. दवाखान्याचा कागद, हजेरीची चिठ्ठी, सोबत काम करणाऱ्यांची नावे, सारे जपून ठेवावे.

गुरुजींना एक विनंती. इतिहासाच्या तासाला १८५७ आणि १९४७ शिकवाल तेव्हा १८८४ आणि १९२३ हेही आकडे फळ्यावर लिहा. शंभर, पन्नास, वीस, आणि मग एकही नाही; या उतरत्या आकड्यांतच पुष्कळांचे हात-पाय आहेत. आणि मुलांना विचारा, तुमच्या घरचे माणूस कुठे कामाला जाते, आणि यादीतली त्याची ओळ कोणती? एखाद्या मुलाने ती ओळ शोधून घरी वाचून दाखवली, तर लोखंड्यांचा तो अर्ज त्याच्या घरापर्यंत पोचला म्हणायचा.