दोन तालुक्यांची धार

१९४२च्या अखेरीला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्या तारांमधली वीज इथल्या गावांसाठी नव्हतीच. शेजारच्या शहापुरातून तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जात होते. वीजही तशीच डोक्यावरून निघून जाई. गावातल्या विळ्याला धार लागे ती माणसाच्या हातानेच.

धारेवाचून तर इथे पान हलत नसे. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायच्या म्हणजे कोयता, भात आणि गवत कापायचे म्हणजे विळा. लोहार पाते ठोकून त्याला पाणी देई, रोजची धार शेतकरी ओल्या दगडावर लावी. शिकलगाराची सहाण मात्र फिरती. लाखेत कुरुंद या कठीण खनिजाची पूड कालवून तिचे चाक घडवत. एकाने पट्टा ओढायचा, दुसऱ्याने पाते धरायचे. इंग्रजीतला ‘कोरंडम’ शब्द दक्षिण भारतातल्या याच कुरुंदापासून गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८९१मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनला विजेच्या भट्टीत कार्बोरंडम सापडले आणि कुरुंदाला कृत्रिम भावंड मिळाले. पुढे १९४१मध्ये उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेल सुरू झाली. ग्राइंडरचे दगड बनवणारी ही देशातली पहिली कंपनी, आणि ती आपल्या कोकणात!

गावात वीज पोचल्यावर बेंच ग्राइंडरही आला, पण अनेकदा दुसऱ्या हातचा. ठाणे-कल्याण पट्ट्यातले कारखाने बंद पडत गेले, तशी त्यांची यंत्रे भंगारात निघाली. अशा यंत्राचे दुखणे बहुधा बटणापाशी सुरू होते. दगडाची आणि लोखंडाची बारीक पूड आत शिरते, संपर्काचे ठिपके काळे पडतात, आणि खटका दाबला तरी मोटार गप्प राहते.

मोटार नुसती गुणगुणली, फिरली नाही, तर दोष आणखी आत असतो. एक फेजच्या अनेक ग्राइंडरांत सुरुवातीला जोर देणारी वेगळी कॉइल असते. वेग आला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच ती तोडतो. तो उघडा अडकला किंवा कंडेन्सर गेला, तर मोटार उठत नाही. बंद अवस्थेत चिकटला, तर कॉइल जळून धूर निघतो. म्हणून जाणता कारागीर आधी प्लग काढतो, कंडेन्सर रिकामा करतो, मग बटण आणि स्विच मीटरवर एकेक तपासतो. ठिपके घासून चालत असतील तर घासतो, नाहीतर तेवढ्याच अँपिअरचे नवे बटण बसवतो. हे काम लोहाराच्या भात्याइतकेच मानाचे आहे. या हातांमुळेच भंगारातले यंत्र पुन्हा कामाला लागते.

वेगाला मात्र सांभाळावे लागते. मिनिटाला २,८००च्या आसपास फेरे घेणाऱ्या दगडावर विळा दाबून धरला, की पात्याची कड निळी पडते आणि लोहाराने दिलेले पाणी उतरते. जुने लोक पाते पुन्हापुन्हा पाण्यात बुडवत, ते याचसाठी.

असा ग्राइंडर घरी आणलात, तर बटण दुरुस्त झाले म्हणून लगेच पाते लावू नका. दगड काढून हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर बसवा, बद्द वाजला तर फेकून द्या. दगडावरचे झाकण बसवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि पहिले मिनिटभर दगडाच्या समोर उभे राहू नका.