कुंकवाच्या कोयरीची कुळकथा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांतून चांदीची कोयरी बाहेर निघते. कैरीचा आकार, आत दोन खण, खिळ्यावर फिरणारं झाकण, वर मोर. काहींच्या काठाला हिरव्या-निळ्या मीन्याची वेल असते. पालथी केली की कधी तळाला टोचणीने घातलेलं नाव दिसतं, सोबत गाव आणि साल.

तिचं माहेर फणेरपेटी. आरसा बसवलेल्या त्या लाकडी पेटीत फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा एकत्र नांदत. कोरडं कुंकू कपाळावर टिकत नाही, म्हणून आधी मेणाचं बोट फिरवायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं. करंडा घरातल्या बाईच्या रोजच्या साजशृंगाराचा. कोयरी मात्र आल्या-गेल्या सवाष्णीसाठी, म्हणून तिच्यात कुंकवाशेजारी हळदीलाही जागा.

खानदेशात चांदी खेळू लागली ती कापसाच्या पैशावर. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. शेतकऱ्याच्या हाती आलेला पैसा सराफाच्या पेढीवरून दागिना होऊन घरी गेला.

मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. चांदीत नक्षी खोदायची, खाचांत ओली पूड भरायची आणि भट्टीत भाजायची. जास्त आच सोसणारा रंग आधी, नाजूक रंग शेवटी. अस्सल माणिक-लाल खुलतो तो सोन्यावर. चांदीवर हिरवा-निळा चांगला बसतो. म्हणून लाल कुंकवाच्या डबीवर बहुधा हिरवी वेल.

अशी मीन्याची, आठवण जपणारी डबी इंग्लंडातही घडली. 1753 मध्ये लंडनजवळच्या बॅटरसीत तांब्याच्या पत्र्यावर मीना चढवून त्यावर चित्रं छापायला सुरुवात झाली. कारखाना 1756 मध्ये बुडाला, पण बिल्स्टन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी धंदा वाढवला. तपकिरीच्या त्या डब्यांवर गावाचं नाव घालून प्रवासाची भेट म्हणून विक्री होई. 1970 मध्ये हॅल्सियन डेज या दुकानाने ती कला पुन्हा उभी केली. साल छापलेल्या डब्या जमवणारे शौकीन आजही आहेत. तिथे आठवण कारखान्यातच छापून येते. आपल्याकडे ती भेट देणाऱ्याने नंतर कोरून घेतलेली, त्यामुळे अशी प्रत्येक कोयरी एकुलती एक.

आणि हीच कोयरी आज मोडीत जाते. सराफ चांदीचं वजन धरतो, मीन्याची काच वजा करतो, कोरलेल्या नावाला तर भावच नाही. असं जुनं जपणारेही आपल्याकडे झाले. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू जमवून संग्रहालय उभं केलं. इतिहासाचार्य राजवाडे घरोघरची दप्तरं शोधत हिंडले. 1926 मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं. पण अशा दप्तरांत बायकांची नावं क्वचित सापडतात. कोयरीच्या तळाला ती आहेत, सालासकट. कोयरी मोडीत घालायचीच वेळ आली, तर आधी त्या अक्षरांचा फोटो काढा आणि ती कोणाची, कोणत्या प्रसंगाची हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. चांदी पुन्हा घेता येईल, ती माहिती सांगणारी माणसं पुन्हा भेटणार नाहीत.